हालचाल : नाही

सोमवार, २ फेब्रुवारी

रक्तदाब १५०/९४. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बोलता फार. बोलायचं ते रोज लिहून काढत जा. तुमचाही उतरेल आणि ऐकणाऱ्यांचाही." बायकोने संध्याकाळच्या आत वही आणून दिली. माझं कुठलंही औषध तिने आजवर इतक्या तत्परतेने आणलेलं नाही.

तर नोंद अशी. वय चोपन्न. चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक इन्क्युबेटर, दोन मायक्रोस्कोप, एक गळका नळ, मी आणि दुर्बीण. दुर्बीण म्हणजे आमच्या तंत्रज्ञ बाई. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहेत. चष्म्याची काच इतकी जाड की मायक्रोस्कोपला डोळा लावायची त्यांना गरज काय, असा प्रश्न पडतो. आपल्याला हे नाव आहे हे त्यांना माहीत आहे. मला कुठलं नाव आहे ते मला माहीत नाही, म्हणजे ते याहून वाईट असणार.

पुढच्या आठवड्यात कारखान्याचं नवं मऊ चीज बाजारात जाणार आहे. गोल डबी, वर गाईचं चित्र. गाय हसते आहे, का ते कळत नाही. मॅनेजर साहेब कुठल्याही कागदावर सही करण्याआधी "होऊन जाऊ दे" म्हणतात, म्हणून त्यांना सगळे होऊनजाऊदे साहेब म्हणतात. तोंडावर नाही.

घरी लेक आली आहे. सातवा महिना. जावई जहाजावर, तो थेट एप्रिलमध्ये उतरेल. डॉक्टरीणबाईंनी तिला एक तक्ता दिलाय : दुपारी जेवून कुशीवर पडायचं आणि बाळाच्या लाथा मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या की पुरे. आज चाळीस मिनिटांत दहा. आजोबांवर गेलंय, एका जागी बसवत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहिल्या बॅचमधल्या दोन-दोन डब्या सगळ्यांना वाटल्या. लेकीने फ्रीजपाशी उभ्या उभ्या अर्धी डबी संपवली.

"बाबा, तुमच्या कारखान्यात पहिल्यांदाच काहीतरी चांगलं झालंय."

बायकोने दवाखान्याचा कागद काढला. त्यात काय खावं, काय टाळावं याची यादी आहे, आणि टाळावंच्या खाली मऊ चीज लिहिलंय. मी म्हटलं, अगं, ते कागद दुसऱ्यांच्या चीजसाठी असतात. आमचं दूध तापवलेलं असतं आणि तपासणारा मी असतो. "तुम्ही असताच," असं म्हणून तिने कागद घडी घालून ठेवला. ही संमती होती की टोमणा, हे एकोणतीस वर्षांनंतरही मला सांगता येत नाही.

लाथा : दहा, पस्तीस मिनिटांत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. पॅकिंगच्या खोलीतल्या मोरीच्या जाळीवरून घेतलेल्या नमुन्यात बारीक राखाडी ठिपके उगवले, आणि पहिल्या बॅचच्या चीजमध्येही तेच. मायक्रोस्कोपखाली आखूड काड्या दिसतात.

अशा आखूड काड्यांचे डझनभर प्रकार असतात. बहुतेक निरुपद्रवी, माणसाच्या कातडीवर आणि मातीत लोळत पडलेले. एकच वाईट आहे, आणि तो पोहतो. त्याच्या अंगाला चहूबाजूंनी शेपट्या असतात. पुस्तकात कशाभिका म्हणतात, पण शेपटी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं. त्या सगळ्या एका दिशेने फिरल्या की त्यांची मागे वेणी पडते आणि जंतू सरळ सुटतो. एखाद-दुसरी उलटी फिरली की वेणी सुटते, जंतू जागच्या जागी कोलांटी खातो आणि नव्या दिशेला तोंड करून परत निघतो. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी जिथे खायला आहे तिथे बरोबर पोचतो. आमच्या संचालक मंडळाला यातलं पहिलं अर्धंच जमलंय.

म्हणून आमच्याकडे नियम आहे : काडी हलत असेल तर माल अडवा आणि नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. हलत नसेल तर सोडून द्या. वीस वर्षांपूर्वी हा नियम मीच लिहिला, टाइप करून घेतला आणि चौकटीत बसवून भिंतीला लावला. रजिस्टरमध्येही रकाना आहे. 'हालचाल : आहे / नाही.' एकावर काट मारायची, खाली सही. सुटसुटीत.

पातळ जेली भरलेल्या नळ्यांत सुईने रेघ टोचून ठेवली आहे. जंतू पोहणारा असेल तर तो रेघ सोडून बाजूला पसरतो आणि जेली गढूळ होते. नसेल तर रेघ रेघच राहते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रक्तदाब १५८/९६. आजचा दिवस विस्ताराने लिहिल्याशिवाय उतरणार नाही.

माझ्या चारही नळ्या इन्क्युबेटरमध्ये होत्या, सदतीस अंशांवर. चारही नळ्यांत सरळ, स्वच्छ रेघ. मी रजिस्टर उघडलं, तेवढ्यात दुर्बीण खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "सर, माझ्या नळ्यांत छत्री आलीय."

सोमवारी इन्क्युबेटरमध्ये जागा उरली नव्हती. अन्न निरीक्षक येणार म्हणून साहेबांनी पाण्याचे दुप्पट नमुने लावायला सांगितले होते. (निरीक्षक आले. चहा घेतला, हसऱ्या गाईचं कौतुक केलं, गेले. त्यांना मी चहा अधिकारी म्हणतो.) त्यामुळे बाईंनी पहिल्या बॅचच्या चीजच्या आपल्या दोन नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिल्या. आता त्या नळ्यांत, जेलीच्या वरच्या भागात, उघडलेल्या छत्रीसारखा गढूळपणा होता. देखणा होता, हे मान्य.

"ऊन लागून जेली सैल झाली असणार, बाई."

"खिडकी उत्तरेची आहे, सर. आणि खोलीत बावीस अंश आहे."

"मग नळी हलली असेल."

त्यांनी नळी उचलली. त्या नळीतला थेंब काचेवर उलटा टांगून मायक्रोस्कोपखाली लावला आणि बाजूला झाल्या. "कोलांट्या मारतायत. बघा ना."

मी पाहिलं. काहीतरी इकडेतिकडे होत होतं खरं. पण थेंबाभोवती ग्रीस नीट लावलं नाही की वारं शिरतं आणि थेंबातलं सगळंच वाहायला लागतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. मी तसं म्हटलं.

"वाहताना सगळे एका बाजूला जातात, सर. इथे प्रत्येकाचं वेगळंच चाललंय."

"म्हणजे आपल्या मीटिंगसारखं."

हसल्या नाहीत. मी माझ्या नळीतला थेंब लावला, इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या. काड्या जागच्या जागी थरथरत होत्या, पाण्यात कुठलाही कण थरथरतो तशा. पोहणं शून्य. सदतीस अंशांची नळी ती नळी. कट्ट्यावरची नळी म्हणजे कट्ट्यावरची नळी.

"निदान शेरा तरी लिहिते," बाई म्हणाल्या.

"कुठे लिहिणार? रकाना नाही."

'आहे' वर काट मारली. सही केली. त्या म्हणाल्या, "या दोन नळ्या टाकू नका, सर. राहू द्यात थोडा वेळ." आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. अकरा वर्षांत बाईंचा हट्ट म्हणून एवढाच. म्हटलं, ठेवा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ट्रक गेले. साहेबांनी भाषण केलं : आपण सगळे एका दिशेने. मी टाळ्या वाजवल्या, बाई हात धूत होत्या.

घरी आणखी चार डब्या आणल्या. फ्रीजमध्ये अगदी मागे, सगळ्यात गार जागी, मी स्वतः लावून ठेवल्या. लेक म्हणते, आता नातवंडाला हसरी गाय हीच आजी वाटेल. आजीला ते फारसं आवडलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

रक्तदाब १३८/८८. वहीचा गुण आहे की माल खपतोय त्याचा, कोण जाणे. दुकानांतून मागणी येते आहे.

बाईंनी आज त्या दोन नळ्या दाखवल्या. "फ्रीजमध्येही वाढतंय, सर. दाट झालंय." मी म्हटलं, आपल्या फ्रीजचं दार नीट लागत नाही, मी दोन वर्षं अर्ज करतोय. त्यांनी फ्रीजमधला थर्मामीटर काढून माझ्यासमोर धरला. चार अंश. मग मी जेवायला गेलो.

लेकीची पाठ दुखते आहे. लाथा : दहा, पंच्याहत्तर मिनिटांत. डब्यांपैकी एक उरली आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी

लेकीला काल संध्याकाळपासून कणकण. आज ताप ३८.२. अंग मोडून आलंय. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, साथ आहे, तापाची गोळी द्या, पाणी भरपूर, सोमवारी कळवा.

लाथा : दहा, एक तास पन्नास मिनिटांत. बाळालाही मरगळ आली असेल. आईला ताप म्हटल्यावर तेही गप्प पडून राहणार, समजूतदार आहे.

कारखान्यात अर्धा दिवस जाऊन आलो. मोरीच्या जाळीवर पुन्हा तेच ठिपके आले होते, त्यांच्या चार नव्या नळ्या टोचून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या.

रविवार, १ मार्च

ताप ३८.६. लाथा दोन तासांत आठ. लेकीने तक्त्यावर आठ लिहिलं आणि पेन्सिल हातातच धरून बसली. "बाबा, पोट दाबून बघू का?" मी म्हटलं, थंड काहीतरी खा, साखर गेली की पोर हलतं.

तिने शेवटची डबी काढली. दोन चमचे खाऊन ठेवून दिली. तोंडाला चव नाही म्हणाली.

सोमवार, २ मार्च

क्रमाने लिहितो.

आठ वाजता प्रयोगशाळेत गेलो. इन्क्युबेटरचा लाल दिवा बंद. शनिवारी मी निघाल्यावर कधीतरी त्याचं आतलं तापवायचं यंत्र जळालं होतं. थर्मामीटरवर बावीस. मी वैतागलो, चारही नळ्या फुकट गेल्या म्हणून त्या टाकायला बाहेर काढल्या.

चारही नळ्यांत छत्री.

बाईंनी त्यांना हातही लावला नव्हता. रविवारी खोलीला कुलूप होतं. ऊन नाही, वारं नाही, ग्रीस नाही. तोच जंतू, तीच जेली, माझाच हात. फरक फक्त पंधरा अंशांचा.

थेंब टांगला. ग्रीस मी स्वतः लावलं, चारही बाजूंनी. पाहिलं. सरळ धाव, कोलांटी, नवी दिशा, पुन्हा धाव. प्रत्येकाचं वेगळं.

बाई दारात उभ्या होत्या. आत आल्या. कपाटातून जुनं जाड पुस्तक काढलं, माझंच, विद्यार्थी असतानाचं, आणि पान उघडून पुढे ठेवलं. त्यांना ते कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. लिहिलं होतं : हा जंतू खोलीच्या तापमानालाच शेपट्या बाळगतो, माणसाच्या अंगाइतकी ऊब मिळाली की टाकून देतो, म्हणून हालचालीची चाचणी इन्क्युबेटरमध्ये करू नये. फ्रीजमध्येही वाढत राहतो. शरीरात शिरल्यावर त्याला पोहायची गरज उरत नाही, एका पेशीतून शेजारच्या पेशीत घुसत जातो. गरोदर बाईला साधा ताप येतो. आईकडून बाळाकडे जातो.

पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ माझी. एकवीस वर्षांच्या मुलाची, पट्टी धरून मारलेली.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या रुग्ण तपासत होत्या, मी म्हटलं थांबणार नाही, आणि जंतूचं नाव सांगितलं.

"तुमच्या चीजमध्ये सापडलाय?"

"मी रजिस्टरमध्ये 'नाही' लिहिलं होतं."

"तुम्ही काय लिहिलंत ते मी विचारत नाहीये."

"सापडलाय."

"तिने किती खाल्लं?"

"पाच डब्या. काल दोन चमचे. मीच सांगितलं."

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मग, "तिला घेऊन आत्ता निघा. रक्त घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करू, रिपोर्टची वाट बघत बसणार नाही. आणि हे बघा, तुम्ही फोन केला नसता तर मी आणखी दोन दिवस तापाच्या गोळ्याच देत बसले असते. तेवढं लक्षात ठेवा आणि बाकीचं आता गाडीत बोलू नका."

गाडीत बोललो नाही. लेकच बोलली. "बाबा, तो दवाखान्याचा कागद—"

"हो."

मग तिने तक्ता काढून मांडीवर ठेवला.

लाथा : दोन तासांत चार.

मंगळवार, ३ मार्च

दर सहा तासांनी इंजेक्शन. बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर दिसतात, आहेत, पण डॉक्टरीणबाईंना हवे तसे वरखाली होत नाहीत. लाथा दोन तासांत तीन. त्या म्हणतात, दोन दिवस काढायचे, मग ठरवू. काय ठरवायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बायकोने घरचा फ्रीज रिकामा करून घासला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू द्या. मागे गार जागी तुम्ही स्वतः लावल्या होत्यात ना, मी स्वतः काढते." त्यानंतर माझ्याशी फक्त इंजेक्शनच्या वेळा बोलते.

दुपारी साहेबांकडे गेलो. म्हटलं, माल परत मागवा. अठरा दिवस दुकानांत आहे. कुणाच्या तरी घरी कुणीतरी सातव्या महिन्यात असेलच.

"रजिस्टर स्वच्छ आहे हो," साहेब म्हणाले. "अकरा तारीख, हालचाल नाही, खाली तुमची सही. आज नळी हलली म्हणजे आज हलली. पहिल्या बॅचवर कसं ढकलता? घरी आजारपण आहे, तुमचं मन थाऱ्यावर नाही. चार दिवस रजा घ्या. होऊन जाईल सगळं."

बाई जिन्यात भेटल्या. "निरीक्षक तारखा विचारतील, सर. पहिल्या बॅचची छत्री अकरा तारखेला दिसली होती, याचा कागद कुठे आहे? त्या दोन नळ्या आहेत, पण चिठ्ठीवर मी नुसतं 'खिडकी' लिहिलंय."

"तुम्ही शेरा कुठेच लिहून ठेवला नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, रकाना नाही."

तेव्हा मला ही वही आठवली.

गुरुवार, ५ मार्च

रक्ताचा रिपोर्ट आला. तोच. ताप ३७.४ वर आलाय. लाथा काल चार, आज अजून मोजायच्या आहेत.

वही उद्या दहा वाजता अन्न निरीक्षकांना द्यायची आहे. काल पुन्हा सगळी वाचली. पहिल्या पानापासून इतकं स्पष्ट दिसतंय की हा माणूस समोर असता तर मी त्याच्या कानशिलात वाजवली असती. ११ तारखेचं पान तेवढं फाडून देता येईल का, असं मनात आलं. फक्त तेच पान, पुरावा म्हणून, बाकीची घरात. मग लक्षात आलं की सुटं पान कुणीही कधीही लिहू शकतो. वही सबंधच द्यावी लागेल : होऊनजाऊदे साहेब, हसरी गाय, बायकोचे टोमणे, माझा रक्तदाब. आणि निरीक्षकांना स्वतःलाच चहा अधिकारी वाचावं लागेल. त्याला इलाज नाही. खाडाखोड केली तर तारखांवरही विश्वास बसायचा नाही.

बाईंना आधी दाखवली, त्यांच्याबद्दलही आहे म्हणून. त्यांनी उभ्यानेच सगळी वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. वही परत देताना म्हणाल्या, "नाव ठेवा तसंच. खोडलंत तर संशय येईल." आणि मग, "तुम्हाला काय म्हणतात ते सांगू का, सर?"

"सांगा."

"सदतीस."

भिंतीवरची चौकट मी काढली. खाली रंगाचा फिकट चौकोन राहिलाय.

शुक्रवार, ६ मार्च, सकाळी

वॉर्ड. खिडकीशी खुर्ची. वही दहानंतर माझ्या हातात नसेल, म्हणून इथेच लिहितो.

ताप उतरलाय. काल संध्याकाळच्या लाथा दोन तासांत चार, परवापेक्षा वाढल्या नाहीत. डॉक्टरीणबाई फेरीला येऊन गेल्या. "आज दुपारपर्यंत बघू," म्हणाल्या. बायको चहा आणायला गेली आहे, माझ्यासाठीही आणते म्हणाली. तीन दिवसांतलं हे पहिलं वाक्य, ज्यात इंजेक्शन नाही.

लेक कुशीवर पडली आहे. म्हणाली, "बाबा, आज तुम्ही मोजा. मला माझ्यावर भरवसा नाही. मला हवं असतं म्हणून वाटतं."

"माझ्यावर आहे?"

तिने थोडा विचार केला. "इथे हात ठेवा. दाबू नका. आणि बोलू नका."

डावा हात ठेवलाय, उजव्याने लिहितोय. अंगाची ऊब आहे, सदतीसच्या आसपास. आठ वाजून दहा मिनिटं. काही नाही. आठ वीस, काही नाही. आयुष्यभर मी हालचाल आहे की नाही हे मिनिटाभरात ठरवत आलो. पाहिलं, काट मारली, सही केली. आठ पस्तीस. लेकीने डोळे मिटलेत, पण झोपलेली नाही. मोजते आहे.

आठ एक्केचाळीस. तळव्याखाली काहीतरी सरकलं.

लेकीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी अजून काही लिहीत नाही. तिचा श्वास असेल, माझीच नाडी असेल, पलंग हलला असेल. तक्ता उशीखाली आहे, पेन्सिलही आहे. राहू दे थोडा वेळ.

आठ त्रेचाळीस. पुन्हा. या वेळी दुसऱ्या बाजूला.

एक. दोन.